सांगलीहून कोकण किनारा कॅम्पर गाडीने : घाट, फेरीबोट आणि मुक्कामाचे सविस्तर मार्गदर्शन

सांगलीतून पहाटे निघालेली साधी कार दुपारच्या जेवणापर्यंत गुहागरला पोहोचते. त्याच रस्त्याने झोपण्या-जेवणाची सोय असलेली, सहा-सात मीटर लांब आणि तीन मीटरच्या आसपास उंच कॅम्पर गाडी न्यायची असेल, तर मात्र अंतराचा हिशेब सर्वांत शेवटी करावा. गाडीची लांबी-उंची, समुद्राच्या भरती-ओहोटीची वेळ आणि संध्याकाळी पडणारा अंधार या तीन गोष्टींवर वेळापत्रक बसवावे आणि मग त्यात किलोमीटर किती मावतात ते पाहावे. किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर झाले तरी पुष्कळ आहेत. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही हा क्रम उलटा ठेवला होता आणि त्यामुळे झालेल्या चुका पुढे जागोजागी सांगितल्या आहेत.

गाडी ठरवताना

पहिल्याच वेळी गाडी विकत घेऊ नये किंवा बांधूनही घेऊ नये. भाड्याने घेऊन तीन-चार रात्री काढाव्यात. आपल्याला खरोखर किती जागा लागते, रात्री उकाडा किती सोसतो, शौचालय गाडीत हवेच का, हे त्यातून समजते. त्यानंतर टेम्पो ट्रॅव्हलरसारखी गाडी बांधून घेण्याचे ठरलेच, तर कारागिराकडे जाण्याआधी परिवहन कार्यालयात जावे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार मंजुरीविना करता येत नाही. कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहण्याच्या सोयीच्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचे स्वतंत्र मानकही आहे. आधी आसने काढून पलंग बसवायचा आणि मग कागद पाहायचे, असे केल्यास योग्यता तपासणी अडते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येतो.

गाडी तयार झाल्यावर पाण्याच्या टाक्या, सिलिंडर, सामान आणि सर्व माणसे घेऊन ती एकदा वजनकाट्यावर उभी करावी. सांगलीत मार्केट यार्डामुळे आणि आसपासच्या साखर कारखान्यांमुळे वजनकाटे शोधावे लागत नाहीत. काट्यावरचे वजन नोंदणी प्रमाणपत्रातील कमाल वजनाच्या आत असले पाहिजे, किंबहुना दोन-अडीचशे किलो कमीच असावे. कारण परतीच्या वाटेवर आंबे, कोकम आणि नारळाची पोती कोणी टाळू शकत नाही. टायरमधील हवा या भरलेल्या वजनाप्रमाणे, गाडीवरील तक्त्यात पाहून भरावी.

गाडीची उंची फितीने मोजून, तो आकडा मोठ्या अक्षरांत चालकासमोर चिकटवावा. कोकणातील वाडीच्या रस्त्यांवर पुलाची कमान क्वचितच आडवी येते, परंतु फणसाची आडवी फांदी आणि एका घरातून दुसऱ्या घराकडे नेलेली, मधे झोळ पडलेली विजेची तार हमखास येते. छतावर सौरपट्टी आणि हवा बाहेर टाकणारा पंखा असेल, तर त्यांच्यासह उंची मोजावी.

पाणी, वीज आणि गॅस

दोन माणसांसाठी ऐंशी लिटरची टाकी असेल, तर काटकसरीने दोन दिवस निघतात. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे आणि बोअरचे पाणी मचूळ असते. टाकी भरण्यापूर्वी घोटभर चाखून पाहावे.

विजेचा हिशेब कागदावर मांडला की अर्धी चिंता जाते. बारा व्होल्टचा लहान फ्रिज दिवसभरात सुमारे ५०० ते ६०० वॉट-तास घेतो, २५ वॉटचा पंखा रात्रभरात २५० आणि दिवे व फोन मिळून १००. म्हणजे एकूण ९०० च्या आसपास. शंभर अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास साठवते. २०० वॉटची सौरपट्टी स्वच्छ उन्हात दिवसाकाठी सहा-सातशे वॉट-तास परत देते आणि उरलेली भर गाडी चालताना अल्टरनेटरवरून पडते. या व्यवस्थेवर वातानुकूलन यंत्र चालत नाही, हे आधीच मान्य करावे. नारळाच्या सावलीत गाडी लावली की सौरपट्टी जवळजवळ बंद पडते. म्हणून ज्या दिवशी सावलीत थांबायचे त्या दिवशी थोडा प्रवास ठेवावा, नाहीतर यजमानांकडून वायर ओढून घ्यावी आणि विजेचे पैसे न विसरता द्यावेत.

गॅसबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो खिडकीतून निघून जात नाही, तर जमिनीलगत साठतो. सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या भागापासून पूर्ण बंद असावा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र असावे. रबरी नळीचे जोड निघण्याच्या आदल्या दिवशी साबणाच्या फेसाने तपासावेत. गाडी चालू असताना आणि फेरीबोटीवर सिलिंडरची तोटी बंदच हवी. थंडीच्या रात्री निखाऱ्याची शेगडी आत घेण्याचा मोह जीवघेणा आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

कोणता घाट, कोणत्या वेळी

दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण ओसरला की फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला असतो. जून ते सप्टेंबर या काळात उंच कॅम्पर घेऊन घाटात आणि किनाऱ्यावर जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दरडी, धुके आणि आडवा वारा यांची तिथे एकाच वेळी गाठ पडते. उन्हाळ्याच्या शेवटीही सावध राहावे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गेले आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. हवामान खात्याचा इशारा असेल, तर सहल पुढे ढकलावी.

सांगलीकरांसाठी उत्तर रत्नागिरीकडे जाण्याचा रस्ता आष्टा, पेठ नाका, कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटातून चिपळूण असा आहे. साताऱ्याहून येणाऱ्यांनी उंब्रजला महामार्ग सोडून मल्हारपेठमार्गे पाटण गाठावे. थेट रत्नागिरीला जायचे असेल, तर कोल्हापूर, मलकापूर आणि आंबा घाट सोयीचा पडतो, आणि मालवणकडे उतरायचे असेल तर राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. घाटात रुंदीकरण किंवा दरडीची कामे चालू असतात. निघण्याच्या दिवशी त्याच वाटेने नुकत्याच आलेल्या मालवाहू चालकाला विचारलेले सर्वांत भरवशाचे.

आपल्या भागातली एक अडचण बाहेरचा माणूस सांगणार नाही. सहलीचे महिने तेच ऊस गाळपाचे महिने असतात. पहाटे चारला निघाले की पेठ नाक्यापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या अंधारात समोर येतात आणि त्यातल्या अनेकांना मागचा दिवा नसतो. म्हणून आम्ही आता फटफटल्यावरच, साडेसहाच्या सुमारास निघतो. त्यामुळे कुंभार्लीच्या माथ्यावर दहानंतर पोहोचतो आणि तोवर धुकेही विरलेले असते.

घाट उतरण्याचा नियम जुन्या ट्रकचालकांनी घालून दिलेला आहे : ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. कॅम्परचे वजन सतत ब्रेकवर धरले की ब्रेक तापतात, पेडल मऊ लागते आणि नेमक्या वळणावर पकड सुटते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी रोखावी, ब्रेक थोडा दाबून सोडून द्यावा आणि करपल्याचा वास आलाच तर रुंद जागी थांबून अर्धा तास चाके आपोआप निवू द्यावीत. त्यांवर पाणी ओतू नये. मागे रांग लागली असेल तर बाजूला होऊन रस्ता द्यावा. निघण्यापूर्वी कपाटांच्या कड्या लावलेल्या आहेत ना आणि भांडी कापडात गुंडाळलेली आहेत ना, हे एकाने पाहावे आणि दुसऱ्याने पुन्हा पाहावे.

भरती-ओहोटीचे गणित

किनाऱ्यावरची प्रत्येक वेळ समुद्र ठरवतो आणि ती वेळ घरातल्या दिनदर्शिकेवरून काढता येते. कोळी आणि खलाशी मंडळी वापरतात तो ठोकताळा असा : चालू पंधरवड्याची तिथी पाऊणपट करावी, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे नेमकी वेळ हवी असेल तर जवळच्या बंदराचा भरतीचा तक्ता पाहावा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असते आणि पाण्याचा चढउतार कमी राहतो. मोठ्या गाडीसाठी हा फरक फार उपयोगी आहे, आणि तो लक्षात येण्यासाठी आम्हाला एक नुकसान सोसावे लागले. तृतीयेच्या सकाळी, ऐन ओहोटीला, आम्ही एका खाडीच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीवर चढवत होतो. पाणी खाली गेल्यामुळे उतार लांब आणि तीव्र झाला होता. पुढची चाके फळीवर चढली, मागचा लांब बाहेर आलेला भाग काँक्रीटवर घासला आणि सांडपाण्याचा नळ मुळापासून तुटला. तेव्हापासून फेरीबोट लागणारी सहल आम्ही शक्यतो अष्टमी ते एकादशीच्या दिवसांत ठेवतो आणि मध्यम पाणी असताना खाडी ओलांडतो.

गाडी चढवण्यापूर्वी चालकाने उतरून उताराचा कोन स्वतः पाहावा, बोटीवरच्या माणसाला गाडीचा मागचा भाग दाखवावा आणि त्याच्या हाताच्या खुणेप्रमाणेच चालवावे. बोटीवर हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद आणि गॅस बंद. माणसांनी गाडीतून उतरून उभे राहावे. शेवटच्या फेरीवर अवलंबून राहू नये. ती चुकली तर खाडीला वळसा घालताना अंधार पडतो आणि अनोळखी अरुंद रस्त्यावर मोठी गाडी मागे घ्यावी लागते.

किनाऱ्याचा रस्ता

पहिल्या सहलीसाठी मी गुहागर ते मालवण हा दक्षिणेकडे उतरणारा रस्ता सुचवेन. गुहागरला पहिला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर आणि हेदवी पाहून तवसाळला फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडावी आणि मालगुंड किंवा गणपतीपुळ्यात राहावे. हेदवीची बामणघळ ही कातळातली अरुंद चीर आहे. भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरून उंच उसळते. ते दृश्य पाहण्यासाठी भरतीचीच वेळ साधावी लागते, पण नेमक्या त्याच वेळी तिथला खडक ओला आणि निसरडा असतो, म्हणून मुलांचा हात सोडू नये.

गणपतीपुळे ते रत्नागिरी हा आरे-वारेचा रस्ता अवघा पंचवीस-तीस किलोमीटरचा, परंतु या सहलीतला सर्वांत देखणा आणि मोठ्या गाडीसाठी सर्वांत कठीण तुकडा आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र आणि मधे तीव्र चढ-उताराची वळणे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कडेला गाड्या थांबलेल्या असतात. अशा वेळी सात मीटरची गाडी तिथे घालू नये, निवळीमार्गे जावे. कामाच्या दिवशी सकाळी आठच्या आत मात्र हा रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो.

रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी असे जाताना गर्दी ओसरते आणि सड्याचा प्रदेश सुरू होतो : जांभ्या दगडाची उघडी, सपाट, वाळलेल्या गवताची पठारे आणि त्यांच्या कडेला थेट समुद्र. पुढे वाघोटणच्या खाडीला वळसा पडतो, म्हणून विजयदुर्गला त्या दिवशीचा मुक्काम धरावा. मग देवगड, कुणकेश्वर, आचरा आणि मालवण. गावांमधून जाताना दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, असतात आणि मधून एकच गाडी जाते. समोरून एसटी आली तर मागे कोणी सरायचे याचा विचार करू नये. आपणच सरावे, कारण तिच्यात वेळेवर पोहोचायची माणसे बसलेली असतात. सोबतच्या माणसाने उतरून मागे उभे राहिल्याशिवाय गाडी मागे घेऊ नये.

रात्र कुठे काढावी

कॅम्परबद्दलची सर्वांत मोठी गैरसमजूत अशी, की ती आपल्याला कुठेही झोपण्याचा हक्क देते. तीन जागा मी पूर्णपणे वर्ज्य मानतो.

पहिली जागा वाळू. ओहोटीला घट्ट वाटणारी पुळण भरती फिरताच पाणी पिते आणि तीन टनांची गाडी आसापर्यंत रुतते. सहा तासांत तिच्यावरून लाटा जातात. अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास बंदीचे फलकही आहेत. शिवाय थंडीच्या महिन्यांत गुहागर, आंजर्ले, वेळास, वायंगणी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात. चाकाखाली घरटे चिरडते आणि दिव्यांच्या उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे सरकतात. किनाऱ्यालगत मुक्काम असेल तर बाहेरचे दिवे बंद ठेवावेत.

दुसरी जागा कड्याचे टोक. जांभा वरून अखंड दिसतो, पण लाटांनी आणि झिरपणाऱ्या पाण्याने तो खालून पोखरलेला असू शकतो. गाडी कड्यापासून निदान पंचवीस मीटर आत असावी.

तिसरी जागा म्हणजे रस्ता सोडून आत गेलेला मोकळा सडा, आणि याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली. गवताखाली आणि मातीखाली अजून काय आहे हे चालकाच्या आसनावरून दिसत नाही, म्हणून चाक रस्त्यावरच राहिले पाहिजे. दुसरे कारण पाण्याचे आहे. जांभा सच्छिद्र असतो; सड्यावर पडलेले पाणी त्यातून झिरपत खालच्या चिकण थरापर्यंत जाते आणि पायथ्याच्या वाडीत झरा किंवा विहीर होऊन निघते. आम्ही एका संध्याकाळी भांडी घासलेले साबणाचे पाणी सड्यावर ओतून दिले. सकाळी पाणी मागायला खाली गेलो तेव्हा एका आजींनी कळशी भरून दिली आणि त्यांचा झरा वरून कुठून येतो ते शांतपणे बोटाने दाखवले. ती जागा आमच्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर होती.

तेव्हापासून मुक्काम ठरवण्याची आमची पद्धत बदलली. दुपारी तीनपर्यंत गावात पोहोचायचे, मोठी गाडी मुख्य रस्त्याला रुंद जागी उभी करायची आणि चालत जाऊन घरगुती निवास चालवणाऱ्यांना विचारायचे : काका, रात्रभर अंगणात गाडी लावू का, जेवण तुमच्याकडेच घेऊ. बहुतेक वेळा होकार मिळतो. जागेचे, पाण्याचे आणि शौचालयाचे पैसे आधीच ठरवावेत. एमएच १० पाहिल्यावर विषय सांगलीच्या हळदीकडे वळतो, म्हणून आम्ही हळदीची पुडी आणि तासगावच्या बेदाण्यांची पिशवी सोबत ठेवतोच. गणपतीपुळे आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत. तिथे गाडी लावू देतील का, हे आधी फोन करून विचारावे.

अंगणात गाडी लावताना आधी वर पाहावे. सुका नारळ किंवा झावळी काचेवर आणि सौरपट्टीवर पडली तर सहल तिथेच संपते. मग चाकाखाली फळ्या घालून गाडी समतल करावी. गाडीच्या फरशीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवली की कल कळतो. दाराची बाजू समुद्राच्या वाऱ्याला पाठ करून असावी. दुपारी खारा वारा समुद्राकडून येतो, पहाटे मतलई जमिनीकडून. झोपताना खिडक्या उघडण्यापूर्वी याचा विचार केला तर उकाडा पुष्कळ कमी होतो.

फिरत्या शौचालयाची पेटी फक्त शोषखड्ड्याला किंवा सेप्टिक टाकीला जोडलेल्या संडासात, यजमानांना विचारून रिकामी करावी. त्यात तीव्र रसायन टाकलेले असेल तर सेप्टिक टाकीतली जिवाणूंची क्रिया बिघडते, म्हणून सौम्य द्रावणच वापरावे. भांड्यांचे सांडपाणी टाकीत साठवून नारळाच्या आळ्यात टाकायचे असेल तर आधी विचारावे आणि साबण अगदी कमी वापरावा.

परत आल्यावर

मालवणहून परतताना कसाल, कणकवली आणि फोंडा घाट चढून दाजीपूरला यावे. हा रस्ता राधानगरी अभयारण्यातून जातो आणि सांजवेळेनंतर गवे रस्त्यावर येतात. दुपारी तीनच्या आत घाट ओलांडावा.

घरी पोहोचल्यावर झोप घेऊन दुसऱ्या दिवशी पहिले काम गाडी धुण्याचे करावे आणि ते वरून नव्हे, खालून सुरू करावे. खारे तुषार चेसिसच्या सांध्यांत, ब्रेकच्या नळ्यांवर आणि पायरीच्या मागे बसलेले असतात. गाडी सर्व्हिसिंगच्या लिफ्टवर घेऊन गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारावा, पूर्ण वाळल्यावर उघड्या लोखंडाला गंजरोधक लेप द्यावा आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक लायनर याच वेळी उघडून तपासावेत. पाण्याच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करून झाकणे दोन दिवस उघडी ठेवावीत, गाद्या गच्चीवर उन्हात टाकाव्यात आणि फ्रिजचे दार कापडाची घडी अडकवून किलकिले ठेवावे. ज्या अंगणांत राहिलो त्यांची नावे, गाडी आत वळली की नाही, तार किती खाली होती आणि त्या दिवशी तिथी कोणती होती, एवढे वहीत उतरवून ठेवावे. पुढच्या सहलीची आखणी नकाशाआधी त्या वहीपासून सुरू होते.